किल्लारीच्या सभा : ‘केव्हा?’ आणि ‘कोणती भिंत?’

भूकंपाचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर नाभी आणि अपिकेंद्र दाखवतो, प्राथमिक व दुय्यम लहरींची आकृती काढतो, रिश्टर मापनाचा उल्लेख करतो आणि उदाहरण म्हणून किल्लारीचे नाव घेतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे दोन जिल्हे. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ मृत्यू. एवढे सांगून आपण पुढच्या पाठाकडे वळतो.

या घटनेचा आणखी एक इतिहास आहे, तो पाठ्यपुस्तकात येत नाही. तो आहे सभांचा. भूकंपाच्या आधी, नंतर आणि पुढे चार-पाच वर्षे या भागात शेकडो सभा झाल्या. देवळाच्या पारावर, शाळेच्या पटांगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला शास्त्रज्ञ, अभियंते, अधिकारी, देशी-परदेशी संशोधक. दुसऱ्या बाजूला गाव. यांपैकी अनेक सभा फसल्या. त्या का फसल्या, हे समजून घेणे भूकंपलहरी समजून घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे असे आम्हांला वाटते. कारण विज्ञानाला ठाऊक असलेली गोष्ट माणसाच्या घरापर्यंत पोहोचते की नाही, हे पुष्कळदा अशा सभेतच ठरते.

आधीचे वर्ष

किल्लारीचा भूकंप पूर्वसूचनेशिवाय आला, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता. काही घरांना तडे गेले, लोक घाबरले आणि रात्री घराबाहेर, मोकळ्या जागेत झोपू लागले. नोव्हेंबरच्या सुरुवातीसही धक्के बसले. पुढे ते विरळ झाले, थंडी वाढली आणि माणसे हळूहळू पुन्हा घरात झोपू लागली.

या काळात गावाच्या तोंडी साहजिकच एकच प्रश्न होता : मोठा भूकंप होणार आहे का, आणि होणार असेल तर केव्हा?

या प्रश्नाला विज्ञानाकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. लहान धक्क्यांची अशी मालिका जगात अनेक ठिकाणी सुरू होते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. क्वचित एखाद्या वेळी तिच्यामागून मोठा धक्का येतो. मालिका चालू असताना ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची खात्रीची रीत नाही. शिवाय त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे आपणही वर्गात शिकवत होतो. नकाशा सांगत होता की येथे मोठा भूकंप होण्याची शक्यता कमी आहे. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला : होणार नाही.

‘कमी शक्यता’ आणि ‘अशक्य’ यांत जे अंतर आहे, त्या अंतरात त्या रात्री गाव झोपले होते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी आले होते, म्हणून झोपही गाढ होती.

शास्त्रज्ञांचा प्रश्न

भूकंपानंतर किल्लारीचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांत पोहोचले. खंडाच्या स्थिर मानल्या गेलेल्या भागात एवढा विनाशक भूकंप व्हावा, ही त्यांच्या दृष्टीने असाधारण घटना होती. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इतर देशी संस्थांबरोबर जर्मनीहून शास्त्रज्ञांचे पथक आले, अमेरिकेतूनही संशोधक आले. भूकंपमापक बसवून नंतरच्या धक्क्यांच्या नोंदी घेण्यात आल्या. किल्लारीजवळ जमिनीला पडलेल्या भेगा आणि उंचवटे मोजले गेले. विंधन विवर घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइट-नाइस हे प्राचीन खडक लागले.

या अभ्यासातून एक रंगतदार वाद उभा राहिला. अमेरिकेतील भूवैज्ञानिक लिओनार्डो सीबर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ च्या निबंधात हा विभंग नव्याने निर्माण झालेला असावा, असा विचार मांडला. त्याच वर्षी कुसला राजेंद्रन, सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली : खालच्या प्राचीन खडकांतील जुना विभंगच पुन्हा हलला असावा. हा वाद निव्वळ शास्त्रीय नव्हे. जुने विभंगच हलत असतील तर ते शोधून नकाशावर मांडता येतील; कोठेही नवा विभंग होत असेल तर नकाशाच्या आधारावर निर्धास्त राहता येणार नाही.

पण हे संशोधक गावात गेले की लोक विचारत ते वेगळेच. आज रात्री घरात झोपावे का? माकणीच्या धरणामुळे हे झाले का? जमिनीतून वाफ येते म्हणतात, ज्वालामुखी फुटणार का? कोयनेच्या १९६७ च्या भूकंपामुळे धरण आणि भूकंप ही जोडी महाराष्ट्राच्या मनात पक्की बसलेली होती. कोयनेच्या बाबतीत जलाशयाचा संबंध शास्त्रज्ञांनी मान्य केलेला आहे. निम्न तेरणा प्रकल्पाच्या बाबतीत तसे एकमत नाही. परंतु ‘एकमत नाही’ हे वाक्य सभेत सांगून पाहावे! समोरच्या माणसाला त्यातून एवढेच कळते की हे काहीतरी लपवीत आहेत.

शास्त्रज्ञाचा प्रश्न ‘विभंग कोठे?’ आणि गावाचा प्रश्न ‘केव्हा?’ अशी ही चुकामूक होती. आणि ज्या एका प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीही पक्के माहीत होते, तो प्रश्न दोन्ही बाजूंकडून क्वचितच विचारला जात होता. तो प्रश्न म्हणजे : कोणती भिंत?

भिंतीची गोष्ट

किल्लारी परिसरातील बहुतेक मृत्यू जमीन हलल्यामुळे नव्हे, तर घर अंगावर पडल्यामुळे झाले. या भागातील जुने घर आपण डोळ्यांसमोर आणू. बाहेरून दगडी, दोन-अडीच फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाड भिंत. आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण. वर लाकडाच्या दांड्या-फळ्यांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार आणि दिसायला अभेद्य.

पण ही जाड भिंत खरे तर एक भिंत नसतेच. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार जोडणारे लांब दगड बहुधा नसतात. सांध्यांत चिखल, पावसाने तो वर्षानुवर्षे धुपतो. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतात. जमीन हलली की दोन पदर दोन दिशांना फुटतात, मधली भर खाली येते आणि निजलेली माणसे तिच्याखाली गाडली जातात.

माळवदाचे गणित तर वर्गातच करता येईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट मातीचा थर धरू. ही २०० घनफूट, म्हणजे सुमारे ५.७ घनमीटर माती झाली. एक घनमीटर कोरडी माती साधारण १.६ टन भरते. म्हणजे एका लहान खोलीवर सुमारे ९ टन ओझे! छत गळू लागले की दरवर्षी वर नवी माती टाकायची, या रिवाजाने हा थर वाढत जातो. त्याच खोलीवर पत्रे घातले तर त्यांचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरेल.

म्हणूनच कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या झोपड्यांतील माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली आणि ऐसपैस दगडी घरे थडगी झाली. यातून लोकांनी निष्कर्ष काढला की दगड वाईट. अभियंते सांगत होते की दोष दगडाचा नसून बांधण्याच्या रीतीचा आहे. आरपार दगड घाला, कोपरे गुंफा, भिंतीभोवती पट्टा बांधा, छपराचे ओझे कमी करा. हेच घर पुष्कळ सुरक्षित होईल. दगड-मातीच्या अशा घरांसाठी भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शक तत्त्वे १९९३ सालीच निघाली होती. ज्ञान होते. ते गावात पोहोचवण्याचे साधन म्हणजे सभा. आणि सभेत काय होत असे, ते आता पाहू.

एक फसलेली सभा

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम १९९४ मध्ये हाती घेतला, त्यात गावांचे तीन गट होते. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती, काही गावे जागच्या जागी बांधायची होती, आणि सर्वांत मोठा गट सुमारे २,४०० गावांचा होता, जेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. या तिसऱ्या गटातील एका गावात, लातूर जिल्ह्यात, आम्ही एका परदेशी संशोधकाबरोबर दुभाषे म्हणून गेलो होतो. गावाचे किंवा संशोधकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष एकट्याचा नव्हता. लोक भूकंपाचा धोका कसा समजून घेतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. मराठवाडा त्याच्यासाठी परमुलूख होता. सभेच्या शेवटी तो आम्हांलाही परका वाटू लागला, हे कबूल केले पाहिजे.

सभा सकाळी दहाला मारुतीच्या पारावर ठरली होती. दिवस ज्वारीच्या काढणीचे. दहा वाजता पारावर आम्ही, दोन म्हातारे आणि एक कुत्रे. साडेअकरानंतर माणसे जमली. जमली ती कोण? ज्यांना शेतावर जायचे नव्हते ते, आणि ज्यांचे नाव मदतीच्या यादीत राहिले होते ते. बाया देवळाच्या भिंतीआड उभ्या होत्या. पलीकडच्या वस्तीतील माणसे पाराखाली, दूर उन्हात थांबली होती. त्यांना कोणी वर या म्हटले नाही, आणि आम्हीही म्हटले नाही.

संशोधकाकडे चौदा प्रश्नांची यादी होती. पहिला प्रश्न : भूकंपाचा धोका तुम्हांला किती वाटतो? फार, मध्यम, कमी, की मुळीच नाही? आम्ही त्याचे मराठी केले. पुढच्या रांगेतील एक आजोबा ताडकन म्हणाले, “धोका आम्हाला दिलाय खरा. पण कुणी दिला, ते लिहून घ्या.” सभा हसली, मग एकदम गंभीर झाली. आपल्या भाषेत ‘धोका’ म्हणजे संकटाची शक्यता आणि ‘धोका देणे’ म्हणजे फसवणे, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. तेथून सभेचा विषय बदलला. कोणाच्या घराचा पंचनामा झाला नाही, कोणाच्या गोठ्याचे घर म्हणून पैसे निघाले, सर्वेला आलेला माणूस कोणाच्या घरी जेवला.

संशोधकाने हात वर करून सांगितले की तो सरकारचा नाही, बँकेचाही नाही. तो केवळ अभ्यास करतो. हे भाषांतर केल्यावर एकाने शांतपणे विचारले, “मग आमचा त्यात काय फायदा?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. चहा आला. यादीवरून दोन भावकींत शब्दाला शब्द लागला. दुपारी दोनपर्यंत चौदांपैकी दोन प्रश्न झाले होते, आणि त्यांची उत्तरे कोणत्याच चौकटीत बसणारी नव्हती. संशोधकाने वही मिटली.

परत निघताना गल्लीत एका बाईंनी आम्हांला हाक मारली. “दादा, त्या साहेबास्नी एवढी भिंत बघाया सांगा की.” आम्ही आत गेलो. भिंत मधोमध हातभर बाहेर फुगली होती. “हिनं पोट काढलंय बघा. पाऊस झाला की आतली माती सुटतीय. म्हणून लेकरांना ह्या अंगाला निजवीत न्हाई.” त्यांनी खाटा पलीकडच्या बाजूला, दाराजवळ लावल्या होत्या. फुगलेल्या भिंतीला दोन लाकडांचे टेकू दिले होते.

संशोधकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. त्या बाईंना घरातील कोणता भाग अगोदर पडेल, का पडेल आणि कोणत्या बाजूला पडेल हे अचूक ठाऊक होते. एखाद्या अभियंत्याने याहून वेगळे निदान केले नसते. त्या सकाळभर देवळाच्या भिंतीआड उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण आमच्या यादीत भिंतीबद्दल प्रश्नच नव्हता.

नकाशा वाचणारे आणि न वाचणारे

हा अनुभव एका गावापुरता नव्हता. नव्या जागी वसवायच्या ५२ गावांतही सभा झाल्या. तेथील लोकसहभागाच्या कामात मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा वाटा होता. भूकंपानंतरच्या पहिल्या आठवड्यांत लोकांचे म्हणणे एकमुखी होते : या जागेवर राहायचे नाही. जेथे आपली माणसे गाडली गेली तेथे पुन्हा चूल मांडवत नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. पण ते मत त्या दिवसांचे होते. पुढे तेच लोक जुन्या गावाच्या आठवणीने हळहळताना दिसले.

आपल्याकडे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळी-पांढरीचे अंतर, गल्ल्यांची वळणे, कोणाचे घर कोणाच्या शेजारी, बैल बांधायची जागा, बायांची पाण्याची वाट, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांत बसलेले असते. नवी गावे सरळ रेषांत, चौकोनी आखली गेली. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. गावे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जागेवर पसरली. तेवढे रस्ते, नळ आणि गटारे सांभाळणे ग्रामपंचायतींना जड गेले.

सभांत या गावांचे आराखडे लोकांपुढे ठेवले जात. पण आराखडा वाचणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. भूगोलाच्या तासाला आपण प्रमाण, दिशा, खुणा शिकवतो तेव्हा मुले किती अडखळतात ते आपण पाहतोच. ज्याने आयुष्यात कधी नकाशा हाती घेतला नाही, त्याच्यापुढे निळ्या रेघांचा कागद धरून ‘पसंत आहे का?’ असे विचारले तर तो मान डोलावतो. ती मान हे संमतीचे चिन्ह नसते. बहुधा तो भिडेचा भाग असतो.

संवाद सहायक

दुरुस्तीच्या गटातील गावांत मात्र एक वेगळा प्रयोग झाला. मोठ्या सभेने माहिती पोहोचत नाही, हे ध्यानात आल्यावर शासनाने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला संवादाचे काम दिले. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. संस्थेने हजाराहून अधिक गावांत स्थानिक महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले.

कल्पना साधी होती. अनुदानाचे नियम, घराचे कोणते काम करायचे, सिमेंट-वाळूचे प्रमाण किती, पट्टा कोठे बांधायचा, हे या बायांना शिकवायचे आणि त्यांनी घरोघर जाऊन, भिंत दाखवून शेजारणीला सांगायचे. पारावर न येणारी बाई उंबऱ्यावर बोलते. यादीवरून भांडणारा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीपुढे उभा राहिला की ‘मग यावर उपाय काय?’ असे विचारतो. प्रश्न ‘केव्हा?’ वरून ‘कोणती भिंत?’ वर येतो.

हा प्रयोग सर्व अर्थांनी यशस्वी झाला असे आम्ही म्हणणार नाही. अनुदान हाती आल्यावर बहुसंख्य कुटुंबांनी जुन्या घराचे मजबुतीकरण करण्याऐवजी विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधणे पसंत केले. दगडावरचा विश्वास उडाला तो उडालाच. जुने घर तसेच राहिले आणि अनेक ठिकाणी लोक त्यातही राहत होते. पण बांधकामाविषयी बोलणे हा बायांचा विषय नव्हे, ही समजूत ढिली झाली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच भागातील स्त्रिया तेथील गावांत गेल्या आणि आपला अनुभव त्यांनी तेथील स्त्रियांना सांगितला. ज्यांना पूर्वी परके लोक येऊन प्रश्न विचारीत, त्या आता परमुलखात जाऊन बोलत होत्या. त्यांच्याजवळ प्रश्नावली नव्हती. स्वतःचे घर पडल्याचा आणि पुन्हा उभारल्याचा अनुभव होता.

लाक्विलाची बैठक

अशी चुकामूक मागासलेल्या भागातच होते असे कोणी समजू नये. इटलीतील लाक्विला या शहरात २००९ च्या आरंभीचे काही महिने लहान धक्के बसत होते. आपल्या १९९२ च्या किल्लारीसारखेच. ३१ मार्च २००९ रोजी तेथे तज्ज्ञांची बैठक झाली. बैठकीच्या सुमारास लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः दिलासा. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही जुन्या रिवाजाप्रमाणे लोक धक्क्यानंतर रात्र घराबाहेर काढीत; दिलाशामुळे काही जण घरातच राहिले, असा आरोप पुढे झाला.

२०१२ मध्ये न्यायालयाने सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना शिक्षा सुनावली तेव्हा जगभर खळबळ उडाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन कायम राहिली. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा, असे या खटल्याचे वर्णन पुष्कळांनी केले. वादाचा गाभा वेगळा होता. भाकीत करता येत नाही हे सर्वांनाच मान्य होते. प्रश्न असा होता की ‘आम्हांला सांगता येत नाही’ या वाक्याचे लोकांपर्यंत जाताना ‘काळजी नको’ असे भाषांतर कसे झाले?

‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्याने तेथे थांबू नये. त्याला जोडून पुढचे वाक्य आले पाहिजे : ‘पण तुमच्या घराची ही भिंत कच्ची आहे, आणि ती आजच नीट करता येते.’ भूकंप उद्या होवो, पन्नास वर्षांनी होवो वा न होवो, हे दुसरे वाक्य खरेच राहते.

आपल्या दाराशी

हा इतिहास जुना झालेला नाही. भूकंपाच्या नकाशात २००२ साली सुधारणा झाली, सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नांदेड शहरात २००६ नंतर काही काळ लहान, उथळ धक्के आणि जमिनीखालून येणारे आवाज यांनी लोक हैराण झाले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा प्रत्येक धक्क्यानंतर सकाळी शाळेत मुले पहिला प्रश्न विचारतात : सर, मोठा होणार का? बाई, केव्हा होणार?

शिक्षकाने काय सांगावे? प्रथम, प्रामाणिकपणे, की हे कोणालाच सांगता येत नाही. जो तारीख सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मग वर्गाला प्रश्न बदलायला लावावा. त्यासाठी दोन सोपे उपक्रम सुचवतो.

पहिला : एका परातीत ओल्या चिखलात लहान खडे रचून वीतभर उंचीच्या दोन दुपदरी भिंती उभ्या कराव्यात, मध्ये माती भरावी. एका भिंतीत जागोजागी आरपार जाणाऱ्या काड्या घालाव्यात आणि वरच्या बाजूस सुतळीचा पट्टा आवळावा. भिंती वाळल्यावर परात एका लयीत हलवावी. कोणती भिंत आधी फुटते, कोणत्या बाजूला, कोठून, हे मुलांनी लिहून काढावे.

दुसरा : मुलांनी आपापल्या घराची पाहणी करावी. भिंत दगड-मातीची आहे की विटांची? कोठे फुगवटा आहे का? कोपऱ्यात उभा तडा आहे का? छतावर मातीचा थर किती इंच आहे? रात्री कोण कोणत्या भिंतीजवळ झोपते, आणि दाराची वाट मोकळी आहे का? ही पाहणी आई-आजीला बरोबर घेऊन करावी, कारण कोणत्या भिंतीतून पावसाळ्यात माती गळते हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. यासाठी गाव गोळा करण्याची गरज नाही. सर्व नोंदी एका वहीत घ्याव्यात, ज्या घरांत ताबडतोब करण्यासारखे काही असेल त्या पालकांना एकेकटे भेटावे, आणि सुगीचे दिवस टाळावेत.